फाटकाची वेळ

"फौजी, तुमचे पाहुने रातीच जेवून गेले बरं," शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून भाऊसिंग म्हणाला.

नरेंद्र हरभऱ्यात वाकून पाहत होता. ओल्या मातीत रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, खूर उमटले होते. खुडलेल्या शेंड्यांवरून माग काढत तो नाल्यापाशी पोचला. वावराच्या तीन बाजूंना त्याने दसऱ्याला तारेचे कुंपण घातले होते. नाल्याची बाजू तेवढी मोकळी होती, कारण पुरात तिथे खांब टिकत नसत.

"तिकडं बंगालच्या बॉर्डरवर बी असंच काय?" भाऊसिंग मागोमाग आला. "टीव्हीवर रोज भांडून राह्यले. तारेनं मानसं थांबतेत का नाई, एकदा सांगूनच टाका."

सीमा सुरक्षा दलातून निवृत्त होऊन आपल्या गावी, रिठदला परतल्यापासून नरेंद्रला हे पुष्कळांनी विचारले होते. उत्तर पुरते कोणी ऐकत नसे.

"जिथं तार हाये आन् तिच्यामागं मानूस उभा हाये, तिथं कमी होतेत. मंग ते नदीतून येतेत."

"म्हंजे उपेग नाई."

"हाये ना. पन ज्याले यायचंच हाये तो रस्ता हुडकते. ज्याचं नुसतं रोजचं येनं-जानं असते, तो पयले थांबते."

"आन् तुमच्या फाटकावर आता आधार कार्ड दाखवा लागते म्हन्तेत," भाऊसिंग हसला आणि आपल्या वावरात गेला.

वस्तीतून शाळेकडे जाणारी पायवाट नरेंद्रच्या वावरातून जात असे. ती त्याने बंद केली नव्हती. फाटक बसवले, कुलूप लावले आणि सकाळी व संध्याकाळी उघडायची वेळ सगळ्यांना सांगितली. सीमेवर तसेच होते. कुंपणापलीकडे ज्यांची शेते राहिली, ते ठरल्या वेळी फाटकातून जात आणि ठरल्या वेळी परतत. त्याला हे रास्त वाटले. तिथल्या लोकांना दुसरी वाट नव्हती, इथे होती, एवढे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही.

शाळेत खिचडी शिजवणारी भागिरथामावशी याच वाटेने जायची. विहिरीवर पाणी प्यायची, त्याच्या डब्यात डोकावून "हे काय खानं झालं?" म्हणून रागवायची. बायको रूपा गेल्यानंतर दिवसभरात त्याची विचारपूस करणारी ती एकटीच होती. दसऱ्यानंतर ती आली नव्हती.

भाऊसिंग गेल्यावर त्याने फाटकाचे कुलूप काढून विहिरीत टाकले. फाटक दोरीने खांबाला बांधले, आणि तिथेच उभा राहिला.

दुपारी मावशी नाल्यापलीकडच्या गाडरस्त्याने परतताना दिसली.

"मावशी, फाटक उघडं हाये. इकडून या."

ती थांबली. "कितीक वाजेपर्यंत?"

"आता बंदच नाई करत."

"बरं केलं बापा." तिने पदर सावरला. "पन मी आता इकडूनच जाते. मंजूचं घर लागते वाटेत. दोघी बोलत बोलत जातो, पाय दुखत नाई. तू जेवला काय?"

"जेवलो."

चूलसुद्धा पेटवली नव्हती. पुढे बाभळीखाली मंजू थांबली होती. मावशीने हात हलवला आणि ती तिला जाऊन मिळाली. कशावरून तरी दोघी हसल्या.

त्यांचा आवाज येईनासा झाला तेव्हा नरेंद्र उकिडवा बसला. पायवाटेवर गाजरगवत माजले होते. फाटकापासून विहिरीच्या दिशेने तो ते एकेक करून मुळासकट उपटू लागला.