ऑर्लीनच्या तीन चिठ्ठ्या

"पुन्हा कोरीच," ऑर्लीन म्हणाली आणि डब्यातून काढलेली चिठ्ठी उलटसुलट करून धाकट्या भावापुढे ठेवली. "देव थांब म्हणतोय. मी तरी काय करू?"

रेफर्डने चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. त्याची नजर तिच्या उजव्या पायावर होती. साखरेच्या आजाराने पोखरलेला तो पाय स्टुलावर, जुन्या उशीवर ठेवलेला होता. फडक्याखालून येणारा वास आता चुलीवरच्या नारळाच्या दुधाच्या वासानेही झाकत नव्हता. ब्लूफील्ड्स शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, या आठवड्यात पाय घोट्यापासून काढला तर ही वाचेल, नाहीतर विष वर चढेल.

"हे देव म्हणत नाहीये, कागद म्हणतोय," रेफर्ड चिडून म्हणाला.

"आणि हे तू बोलतोस? तू?"

हे खूळ त्यानेच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

कस्टममधून निवृत्त झालेली माणसं खाडीकाठी डोमिनो खेळत बसतात. रेफर्ड ओमियरने मात्र गावातल्या मोरावियन चर्चच्या मंडळींना शहाणं करायचा विडा उचलला. दर शुक्रवारी तो सगळ्यांच्या फोनवर दोन गोष्टी पाठवी. एक, इंटरनेटवर फुकटात ऐकायला मिळणारं एखादं व्याख्यान. दुसरी, शनिवारी होडीने जाऊन बघून यावी अशी एखादी जागा. कधी जुनी घंटा, कधी कासवांचा किनारा, एकदा तर चक्क कॅथलिकांचं देऊळ! पास्टरसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मंडळी आल्याचे गोड पाव बांधून घेऊन हजर. "डोळे मिटून आमेन म्हणू नका. विचारा, तपासा," हे रेफर्डचं पालुपद. त्याच्या ह्या जिज्ञासू मंडळींत सगळ्यांत पुढे ऑर्लीन. शाळा लहानपणीच सुटलेली, पण प्रश्न असे विचारायची की घरी जाऊन त्याला पुन्हा शोधाशोध करावी लागे. बहिणीचा त्याला भारी अभिमान होता.

गेल्या महिन्यात त्याने सगळ्यांना नदीवरच्या जुन्या मिशनघरात नेलं. तिथे गडी रंगात आला. चर्चचे पूर्वीचे वडीलजन अडलेल्या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकत, एकीवर 'हो', एकीवर 'नाही' आणि एक कोरी. लग्नंसुद्धा अशी ठरत. "आणि कोरी निघाली," आवाज खाली आणत तो म्हणाला होता, "की भलेभले हात जोडून थांबत." त्याच्या लेखी तो इतिहास होता. ऑर्लीनने तो घरी आणला.

"अगं, आपल्याच चर्चने ही पद्धत कधीच सोडली," तो आता काकुळतीला येऊन म्हणाला. "व्याख्यान पाठवलंय मी. ऐकलंस ना?"

"ऐकलं की, दोनदा. छान बोलतो तो माणूस. पण सोडायची की नाही, हे त्यांनी चिठ्ठी टाकून विचारलं होतं का?"

चुलीपाशी उभी असलेली तिची मुलगी शँड्रा डोळे पुसत म्हणाली, "अंकल, तुम्हीच शिकवलंत हिला. आता तुम्हीच आवरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेफर्डने जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. ऑर्लीन तोंड धूत असताना त्याने डब्यातल्या चिठ्ठ्या काढल्या आणि स्वतःच्या तीन टाकल्या.

तिने प्रार्थना केली, हात घातला, चिठ्ठी उलगडली. "हो!" तिचा चेहरा असा उजळला की रेफर्डला रडू आलं. "शँड्रा, इस्पितळात जायला माझा पांढरा झगा काढ गं." मग, जन्माची चौकस बाई ती, तिने उरलेल्या दोन्ही उलगडून पाहिल्या.

ती ओरडली नाही. 'हो' लिहिलेले तिन्ही कागद तिने मांडीवर सारखे करून ठेवले.

"पायासाठी मी भिते असं वाटतं ना तुला? भितेच मी, रेफर्ड. भ्यालेल्या माणसाने आपल्या मनाने ठरवू नये, म्हणून तर देवाला विचारते. आणि तू मध्येच बोललास."

"तू मरशील गं!"

"असेल. पण आता डब्याला हात लावू नकोस."

त्याने पास्टरना आणलं, डॉक्टरीणबाईंना फोन जोडून दिला. दोघांचंही तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पास्टरना कॉफी पाजली. जबरदस्तीने उचलून न्यावं, तर ती शुद्धीत होती, शहाणी होती, नाही म्हणत होती. रोज सकाळी ती चिठ्ठी काढी आणि रेफर्ड तिच्या दाराबाहेर पायरीवर बसून राही. देवाकडे काय मागावं हेही त्याला सुचत नसे. मग एका सकाळी आतून हाक आली, "होडी सांग रे. 'हो' निघाली."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी चादर वर केली, मांडीपर्यंत पाहिलं आणि चादर हलकेच पुन्हा खाली सोडली. रेफर्डला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या, "आता कापून काही हाती लागणार नाही. घरी न्या यांना."

परतताना ऑर्लीन पांढऱ्या झग्यात, त्याच्या खांद्याला टेकून होडीत बसली होती. तापाने अंग फणफणत होतं. रेफर्डने तिला काही सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. मग म्हणाली, "उद्या शनिवार. कुठे नेतोयस सगळ्यांना?"

"कुठे नाही."

"चिडू नकोस. आपल्या कबरस्तानात नाही नेलंस कधी. तिथल्या जुन्या भागात सगळे दगड एकसारखे, जमिनीसपाट का असतात रे?"

तिने कोपराने त्याला ढोसलं. मग इंजिनाच्या आवाजावर मात करत, तिच्या कानाशी तोंड नेऊन तो सांगू लागला. तिथे कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, म्हणून सगळ्यांना सारखाच दगड. बायका बायकांच्या शेजारी, पुरुष पुरुषांच्या. ऑर्लीन डोळे मिटून ऐकत होती आणि समजलं की मान हलवत होती.