सायोकोबाईंची पानं

सायोको कुनिएदा आमच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आल्या त्या २००५च्या फेब्रुवारीत. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर बर्फावरून घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं वळत नव्हती. मी तिथली फिजिओथेरपिस्ट.

"काम काय करता?" मी विचारलं.

"कादंबऱ्या लिहायचे. चार छापल्या तोक्योत. चौथीवर समीक्षक असे तुटून पडले, की आता एक वाक्य लिहिलं तरी त्यांचेच आवाज ऐकू येतात. पाच वर्षं झाली." नवऱ्याला इथल्या विद्यापीठात नोकरी लागली, म्हणून त्या आल्या होत्या.

मी म्हटलं, "बोटांसाठी रोज एक पान हाताने लिहा. आठवड्याला मला दाखवा."

"तुम्हाला जपानी येतं?"

"एक अक्षर नाही. हात कुठे थरथरला, तेवढंच बघणार."

त्या खळखळून हसल्या.

पानं येऊ लागली. एप्रिलमधलं एक तर फार सुबक होतं. "प्रमोदिनी, हे कसं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुरेख! एक रेघ हललेली नाही."

जूनमध्ये हात बरा झाला. ट्रीटमेंट संपली तरी लिहिणं थांबलं नाही.

२००९मध्ये त्यांची पाचवी कादंबरी आली आणि तिला तोक्योत मोठं बक्षीस मिळालं. दोन वर्षांनी इंग्रजी अनुवाद माझ्या घरी पोस्टाने आला. आईच्या मृत्यूचं प्रकरण वाचून मी लगेच फोन लावला.

"हे कधी लिहिलंत तुम्ही?"

"एप्रिलमध्ये. तुम्ही सुरेख म्हणालात, तेच पान."

मी ओशाळले. "अहो, मी नुसत्या रेघा बघत होते!"

"म्हणूनच पुढचं लिहू शकले. दुसऱ्या कुणी माझं सांत्वन केलं असतं, नाहीतर चूक काढली असती. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नागपूरची डिग्री इथे चालेना, तेव्हा सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या होत्या मी. त्याचं चीज असं होईल, हे कधी मनातही आलं नव्हतं. "आभार मीच मानायला हवेत," म्हणून मी त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं.

सायोकोबाई नव्या कादंबरीची तीन पानं घेऊन आल्या. या वेळी मी विचारलं, "यात काय आहे?"

त्या सांगू लागल्या. वरणभात गार होऊन गेला.