सात पत्रं आणि माझी थंड उजवी बाजू

मी तापलोय, म्हणून बोलतोय. थंड असताना मला कुणी विचारत नाही. हिरवा दिवा लागला की मात्र सगळ्यांना माझी घाई.

लॅमिनेशनचं मशीन आहे मी. सरकारी कचेरीसमोरच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे खिडकीलगतच्या टेबलावर माझा मुक्काम. एका बाजूनं कागद गिळायचा आणि दुसऱ्या बाजूनं तो चकचकीत करून बाहेर सोडायचा, एवढंच माझं काम. तुमच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली जे कडक, गुळगुळीत कागद दडवलेले आहेत ना, ते माझ्या नाहीतर माझ्या भाऊबंदांच्या पोटातूनच गेलेत.

कारखान्यात मला दोन तापणाऱ्या पट्ट्या मिळाल्या, एक डावी, एक उजवी. चार रबरी रूळ मिळाले. आणि एक कागद मिळाला, माहितीपत्रक, मला कसं वापरायचं ते सांगणारा. मालकांनी मला खोक्यातून काढलं आणि पहिल्यांदा काय लॅमिनेट केलं असेल? तेच माहितीपत्रक. न वाचता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की कुठल्या घरात येऊन पडलोय.

मालकांना गल्ली झेरॉक्सवाले म्हणते आणि त्यांची मुलगी बाबा म्हणते. माणूस वाईट नाही. पण एक खोड आहे, त्यांची आणि त्यांच्या वयाच्या सगळ्यांचीच. ही माणसं कागद वाचत नाहीत, जपतात. कागदावर शिक्का दिसला की हात जोडायचेच काय ते बाकी ठेवतात. एका आजोबांनी माझ्याकडून पंख्याचं वॉरंटी कार्ड लॅमिनेट करून घेतलं होतं. वॉरंटी संपून चार वर्षं झालेली, पंखा भंगारात गेलेला. "असू दे हो," म्हणाले, "कधी लागलं तर?"

मग ती साथ आली. आठ महिने शटर खाली. अंधारात, दमट हवेत मी पडून राहिलो, आणि शटर वर गेलं तेव्हा माझी उजवी पट्टी गेली होती. पूर्ण नाही, अर्धमेली. डावीकडून प्लॅस्टिक घट्ट बसायचं, उजवीकडे नुसतं टेकायचं. बुडबुडे यायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, बाबा खोटं हसून म्हणायचे, "हवेचं आहे, बसेल आपोआप." दुरुस्तीला पैसे नव्हते. महिनाअखेर दुकान सोडायचं आणि मला भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. माझ्यासमोरच बोलायचे. मशीनला कान नसतात, असा यांचा समज.

आता मुलीचं सांगतो. गल्लीत तिला ठिणगी म्हणतात. साथीच्या वर्षी फी भरायची की दुकानाचं भाडं, असा प्रश्न घरात उभा राहिला. बाबांनी तो मोठ्याने विचारलाच नाही. नुसते गप्प बसले. मोठ्या माणसांची ही एक युक्तीच असते. आपण गप्प बसायचं, म्हणजे निर्णय धाकट्याला घ्यावा लागतो, आणि पुढे जन्मभर म्हणता येतं, "कॉलेज तूच सोडलंस बाई, आम्ही कुठे सांगितलं?" ठिणगीनं कॉलेज सोडलं आणि झेरॉक्सच्या मशीनमागे येऊन उभी राहिली. तेव्हापासून माझ्याइतकीच तापलेली असते.

सरकारनं साथीत मोडलेल्या घरांसाठी, दुकानांसाठी, वस्त्यांसाठी मदत जाहीर केली तेव्हा अर्ज वाचणारी गल्लीत ही एकटी. आपल्या दुकानाचा तर भरलाच, शिवाय शिंपीण मावशीचा, चपलावाल्याचा, मागच्या गल्लीतल्या तिघांचा आणि बंद पडलेल्या गल्लीच्या पाळणाघराचाही. पाळणाघराचे अध्यक्ष म्हणजे शेजारचे काका. अर्जावर सही करतानाही त्यांची जीभ थांबली नाही.

"स्वतःचं शिक्षण अर्धवट, आणि आम्हाला शिकवतेय अर्ज कसा भरायचा."

"काका, तुमचं शिक्षण पूर्ण झालंय ना? मग रकाना सात वाचा. तिथे जन्मतारीख विचारलीय, रास नाही."

अर्ज गेले. आणि ठिणगी चार दिवस आत्याकडे गेली होती, नेमकी तेव्हाच मंजुरीची पत्रं आली.

काय तो दिवस! बाबा पत्र हातात घेऊन दुकानातच नाचले. खरंच नाचले, पन्नाशीचा माणूस! अध्यक्ष काका धावत आले, शिंपीण मावशी आली, मागच्या गल्लीतलेही आले.

"एवढं मोलाचं पत्र उघडं ठेवतात का?" काका म्हणाले. "मोठ्या साहेबांची सही आहे! चहा सांडला तर? प्लॅस्टिकमध्ये घाला."

आणि मला चालू केलं. एकामागून एक सात पत्रं माझ्या पोटातून गेली. मी ती वाचली. दोन्ही बाजूंनी वाचली, मला तेवढाच उद्योग. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं: उजवीकडच्या पावतीवर कचेरीत शिक्का मारून घ्यावा. अधिकारी ती पावती भोकं टोचलेल्या रेषेवर फाडून घेतील. शेवटची तारीख अमुक. पत्रावर कोणतंही आवरण चढवू नये. छेडछाड केलेलं पत्र बाद.

मी घरघरलो, करकरलो, उजवीकडून वाकडा कागद सोडला. बाबा म्हणाले, "म्हातारं झालंय बिचारं."

शुक्रवारी चार वाजता ठिणगी परतली. बॅग खांद्यावरच होती. बाबांनी पाठीमागे धरलेलं पत्र जादूगारासारखं पुढे केलं.

"बघ! म्हटलं, तू आल्यावरच दाखवायचं."

तिचा चेहरा फुलला. तिनं पत्र उलटलं. चेहरा पडला. मग लाल झाला.

"बाबा, मागची बाजू वाचलीत?"

"मागे काय असतं? नियम-बियम असतात."

"शेवटची तारीख असते! आजची! पाच वाजेपर्यंत! आणि यावर शिक्का मारायचाय. प्लॅस्टिकवर शाई बसते का? बसते का सांगा?"

बाबांनी चष्मा शोधला. डोक्यावरच होता. मागची बाजू वाचता वाचता ते हळूहळू स्टुलावर बसले.

"कात्रीनं कापू," पुटपुटले.

"इथे उघडलं तर छेडछाड. बाद. त्यांच्या डोळ्यांसमोर उघडायला हवं." तिनं माझ्याकडे बघितलं. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. "हे पुन्हा तापवलं की प्लॅस्टिक सुटतं?"

"डावीकडून कागद फाटेल," बाबा म्हणाले, आणि मग, लाज सोडून, "पण उजवी बाजू सुटेल. ती चिकटतच नाही नीट. पट्टी गेलीय. मी सगळ्यांना हवेचं आहे म्हणून सांगत होतो."

"आणि पावती उजवीकडेच आहे," ठिणगी म्हणाली.

पुढच्याच क्षणी मी तिच्या काखेत होतो! इतकी वर्षं टेबलावर बसलेला मी, रस्त्यावर! वायर मागे फरफटतेय, हॉर्न वाजतायत, एक सायकलवाला ओरडतोय, "अगं ए, चोरी आहे काय?" आणि ही धावता धावता, "नाही, दुरुस्ती!" मागून बाबा, एक चप्पल पायात, एक हातात.

कचेरीत खिडकी क्रमांक तीनसमोर रांग होती. सहा जण. सहांच्या हातात सहा चकचकीत पत्रं. सगळी माझीच लेकरं! अध्यक्ष काकांचं तर फ्रेममध्ये होतं, काच लावून, भिंतीला अडकवायच्या कडीसकट. खिडकीमागे मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"मी दुपारपासून सांगतेय, यावर शिक्का बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गल्लीत सगळ्यांना ही काय हौस?"

"पोरीनं सांगायला हवं होतं आम्हाला," काका म्हणाले. "अर्ज हिनेच भरले."

ठिणगीनं मला धाडकन खिडकीच्या फळीवर ठेवलं. "काका, पत्र कागदाचं होतं, फोटो नव्हता. उलटून बघायला कॉलेज लागत नाही. मॅडम, छेडछाड तुमच्यासमोर केली तर ती छेडछाड होते का?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. चार वीस.

"माझ्यासमोर होत असेल तर मी तिला तपासणी म्हणेन," त्या म्हणाल्या. "प्लग माझ्या किटलीचा आहे. काढा."

मी तापू लागलो. पाच मिनिटं. एवढी लांब पाच मिनिटं मी जन्मात तापलो नव्हतो. रांग माझ्याभोवती गोळा झाली, सगळे माझ्या लाल दिव्याकडे टक लावून. हिरवा लागला तेव्हा शिंपीण मावशीनं टाळीच वाजवली.

बाबांनी पत्र सरकवलं. माझा वेग त्यांच्या बोटांना पाठ आहे. पलीकडे ठिणगी. गरम कागद बाहेर येताच तिनं उजव्या कोपऱ्यात नख घातलं.

"हळू," बाबा म्हणाले. "ओढू नकोस, सोल. केळ्यासारखं."

"मला माहितीय."

"माहितीय तर पोळतेयस कशाला?"

"बाबा!"

सर्रकन प्लॅस्टिक सुटलं! टोचलेल्या रेषेपर्यंत स्वच्छ, पुढे घट्ट. मॅडमनी शिक्का उचलला, फुंकर मारली, ठाप! पावती टरकन फाडली. रांगेतून असा आवाज उठला की शेजारच्या खिडकीवाला उठून बघायला आला. एक झालं. दोन झाली. चपलावाल्याची पावती सुटली तेव्हा तो रडायलाच लागला आणि आधी मला हात लावून नमस्कार करायला गेला. भाजला.

सातवं काकांचं. फ्रेमचे खिळे उपटण्यात दहा मिनिटं गेली होती. चार सत्तावन्न. पाळणाघराचं पत्र, म्हणजे गल्लीतल्या वीसेक आयांचं कामावर परत जाणं. ठिणगीची बोटं लाल झालेली. तिनं सोलायला घेतलं आणि चर्रर्र. पावतीचा कोपरा फाटला.

काकांचं तोंड उघडं, पण पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर येईना.

मॅडमनी तुकडा उचलला, पावतीला जोडून बघितला. "माझ्यासमोर फाटलंय," म्हणाल्या. "माझ्यासमोर फाटलेलं चालतं." ठाप!

काका ठिणगीसमोर उभे राहिले. माफी मागतील असं मला वाटलं. कसली मागतायत! म्हणाले, "बोटांना थंड पाणी लाव." त्या वयाच्या माणसांकडून एवढंच निघतं. ठिणगीनं तेवढ्यावर भागवलं. मी भागवलं नसतं.

मदत आली. दुकान राहिलं, पाळणाघराचं दार उघडलं, सकाळी रडणाऱ्या पोरांचा आवाज इथपर्यंत येतो. भंगारवाला दोनदा येऊन हात हलवत गेला. दुरुस्तीवाला आला, म्हणाला, उजवी पट्टी बदलून टाकतो, नवी होईल एकदम. ठिणगी म्हणाली, "बदला. पण जुनी इथेच ठेवून जा." ती जुनी पट्टी आता माझ्या शेजारी, काचेखाली आहे. गिऱ्हाइकं विचारतात हे काय. बाबा सगळी गोष्ट सांगतात, स्वतःची चूक वगळून. मग ठिणगी तेवढी भर घालते.

आणि काल! काल ठिणगी कॉलेजातून आली, हातात पावती. पुन्हा प्रवेशाची. या वेळी प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता, आणि विचारला होता बाबांनी. त्यांनी पावती घेतली, डोळे भरले, हात सवयीनं प्लॅस्टिकच्या पाऊचांच्या गठ्ठ्याकडे गेला. माझा हिरवा दिवा चालूच होता.

"बाबा!"

हात थांबला. बाबांनी पावती उलटली. चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि मागची बाजू वाचायला लागले. मोठ्याने. पहिल्या ओळीपासून.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. मी इथेच आहे, खिडकीलगत, दोन्ही बाजूंनी कडकडीत तापलेला. आता माझ्यातून जे जाईल ते सुटणार नाही. तेव्हा या, जरूर या, पण कागद आधी उलटून बघा.