कुंडी नंबर अकरा उपाशी आहे

मी कुंडी नंबर अकरामधलं रोप बोलतोय. जरा हळू बोलेन, मला दम लागतो. कूळ मोहरीचं, पण उंची म्हणाल तर करंगळीएवढी. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या एका बंद खोलीतला. तिथे सूर्य बटणावर उगवतो. सकाळी नऊला दिवे आपोआप लागतात, रात्री नऊला विझतात. मला तो खराच सूर्य वाटायचा, अजूनही वाटतो.

शेजारची भावंडं तरारून वाढली, मी आपला खुरटाच. पाणी घालणारे मामा मला लिंबूटिंबू म्हणायचे. "काय लिंबूटिंबू, आज तरी अंग धरणार का?"

खाण्याची ददात नव्हती हो! दिवसभर मी उजेड पिऊन साखर करायचो आणि उरलेली साखर स्टार्च करून पानात साठवायचो. अंधार झाला की तो साठा फोडायचा आणि सकाळपर्यंत पुरवून खायचा, ही आम्हा रोपांची रीत. पण साठा उघडायचं काम ज्या जनुकाकडे, ते माझं जन्मतःच बिघडलेलं. कोठार गच्च भरलेलं आणि किल्लीच नाही! अंधारात मला एकच स्वप्न पडायचं. कुणीतरी दार उघडतंय, गोडवा देठातून मुळापर्यंत झिरपतोय. मग दिवे लागायचे आणि मी उपाशीच जागा व्हायचो.

संशोधन करणारी ताई नेमकं माझ्यासारखंच रोप शोधत होती. दर खेपेला नव्या तीनशे कुंड्या, असं दोन वर्षं चाललेलं. दिवे लागण्याआधी, साडेआठला, ती एकेक पान तोडायची, स्पिरिटमध्ये उकळून पांढरं करायची आणि आयोडीनमध्ये बुडवायची. ज्याचा साठा संपला नसेल ते पान काळं पडणार, बाकीची फिकट राहणार. पण दर वेळी सगळीच पानं काळपट निघायची!

"माझंच काहीतरी चुकतंय," ती पुटपुटायची. जेवणाचा डबा माझ्या शेजारी ठेवायची आणि संध्याकाळी तसाच परत न्यायची.

शेवटी मोठ्या मॅडम आल्या. "सोमवारी खोली रिकामी कर. ही रोपं टाकून दे."

त्या शुक्रवारी ताईला झोप लागली नसावी. सातलाच आली, आणि पाहते तर खोलीत लख्ख उजेड!

"मामा, हे काय? दिवे कुणी लावले?"

"मीच. सहाला लावतो, पाणी घालून झालं की आठला, तू यायच्या आत, बंद करतो. अंधारात पाणी कसं घालू गं? जास्त झालं तर मुळं कुजतात बिचाऱ्यांची."

ताई मटकन स्टुलावर बसली. दोन तासांच्या त्या मायेच्या उजेडात सगळी रोपं नव्याने साठा करत होती! ती आधी हसली, मग ढसाढसा रडली. मामांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्यामुळे दोन वर्षं गेली होय तुझी?"

"उद्या फक्त अंधार राहू द्या, मामा."

दुसऱ्या दिवशी मामा दाराबाहेर राखणीला बसले. साडेआठला पानं तोडली. दोनशे नव्याण्णव पानं फिकट. माझं एकटं काळंभोर!

"लिंबूटिंबू!" मामा ओरडलेच. मला इतका आनंद झाला, की भूकच विसरलो.

आता मी वाळत चाललोय. माझं बी छोट्या पाकिटात भरून झालंय, त्यावर ताईच्या अक्षरात अकरा लिहिलंय. माझी भूक आता पुस्तकात जाईल म्हणतात. छान वाटतं ऐकून.

पण काल तिच्या आईचा फोन आला होता. "डबा खाल्लास का गं?"

"हो आई."

खोटं! डबा इथेच आहे, माझ्या शेजारी, गच्च भरलेला. ती कामात बुडाली आहे. भरल्या घरात उपाशी राहणं काय असतं, ते मला विचार, पोरी. माझ्याकडे किल्लीच नव्हती गं. तुला तर नुसतं झाकण उघडायचंय. मी आहे तोवर एकदा माझ्यासमोर बसून जेव.