यंत्र ठीक आहे

मिस्त्री धुलाईच्या मशीनखाली पाठीवर आडवा झाला होता. टाय त्याने शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचला होता आणि खिशातला फोन केव्हाचा वाजत होता. फोन साहेबांचा असणार हे ठाऊक असल्यामुळे त्याने आधी पट्टा ताणून घेतला, नट आवळला आणि मग फोन कानाला लावला.

"कुठे आहात?" साहेबांनी विचारलं. साहेब वयाने त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते, पण होते साहेबच.

"हॉस्पिटलच्या धुलाईघरात."

"अधीक्षक बाईंना भेटलात?"

"साडेअकराची वेळ दिलीय त्यांनी."

"मग आत्ता काय करताय?"

मिस्त्री मशीनखालून सरपटत बाहेर आला. तेवढ्यात मशीनच्या पलीकडून, धुलाईघरात काम करणाऱ्या आक्कांनी बटण दाबलं आणि मशीन झकास गरगरायला लागलं. साहेबांना काय समजायचं ते समजलं.

"परत दुरुस्त केलंत?"

"पट्टा सैल होता नुसता. कुईं कुईं करत होता बिचारा."

"अहो, तुम्ही तिथे नवीन मशीन विकायला गेलाय. जुनं ठणठणीत करून दिलंत तर ते नवीन घेतील कशाला? उद्या तुमचे सहा महिने भरतात. आज ऑर्डर आली नाही तर मी काही करू शकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

साहेबांचं काही चुकत नव्हतं. बावीस वर्षं मिस्त्रीने कंपनीची मशीनं बसवली, उघडली, जोडली. मग कमरेतला एक मणका सरकला आणि डॉक्टरांनी वजन उचलायला, वाकायला आणि आडवं-तिडवं व्हायला साफ मनाई केली. कंपनीने घरी बसवण्याऐवजी विक्रीत टाकलं, सहा महिने बघू म्हणाले. त्या सहा महिन्यांत तो एका हॉटेलात मशीन विकायला गेला आणि तिथलं जुनं नीट करून आला. एका वसतिगृहातही तेच झालं. मशीन कण्हताना ऐकू आलं की त्याचे हात शिवशिवायचे. गिऱ्हाईक खूश व्हायचं, चहा पाजायचं आणि म्हणायचं, आता काही वर्षं तरी काळजी नाही.

आज सकाळी बायकोने डबा भरता भरता त्याला फैलावर घेतलं होतं. "मशीनला काय होतंय ते तुम्हाला शेजारच्या खोलीतून कळतं. माणसाचं मात्र विचारावं लागतं. माझी टाच दुखतेय गेल्या वर्षापासून. कळलं कधी?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. तो तसाच बाहेर पडला होता.

आता साडेअकराला अजून अर्धा तास होता. मिस्त्रीने हात पुसले, टाय बाहेर काढला, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिला. हे मशीन चौदा वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेलं. दर तीन महिन्यांनी तो यायचा, तपासायचा आणि भिंतीवरच्या वहीत लिहायचा, यंत्र ठीक आहे. खाली सही. आजही ते ठीकच होतं. हे फेकून द्या असं बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं, हेच त्याला सुचेना.

मशीन थांबलं. आक्कांनी दार उघडलं. दार गुडघ्याच्या उंचीवर. त्या वाकल्या, आत खांद्यापर्यंत हात घातले आणि पिळा बसलेल्या ओल्या चादरी ओढायला लागल्या. एक निघाली, शेजारच्या ढकलगाडीत पडली. पुन्हा वाकल्या. काही उद्योग नव्हता म्हणून मिस्त्री मोजायला लागला. मशीन रिकामं होईपर्यंत आक्का चव्वेचाळीस वेळा वाकल्या.

"दिवसाला किती खेपा निघतात, आक्का?"

"नऊ. कधी दहा."

मिस्त्रीने मनात हिशोब केला. जवळजवळ चारशे वेळा. डॉक्टरांनी त्याला दिवसातून चार वेळा वाकायलाही बंदी केली होती.

"कंबर दुखत नाही?"

आक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या. "दुखते ना. रात्री कूस बदलायची तर दोन्ही हातांनी खाट धरावी लागते. माझ्याबरोबरच्या दोघीजणी याच पायी सोडून गेल्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही मशीनचं विचारायचात. ते ठीकच होतं की."

मिस्त्रीला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. चौदा वर्षं तो या खोलीत येत होता. मशीनच्या प्रत्येक बेअरिंगची त्याला खबर होती, आणि त्या मशीनपुढे उभ्या असलेल्या बाईची नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली.

साडेअकराला अधीक्षक बाई स्वतःच खाली आल्या. त्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी आधी भिंतीवरची वही चाळली आणि मग चष्म्यावरून मिस्त्रीकडे पाहिलं.

"ही सही तुमचीच ना? यंत्र ठीक आहे म्हणता आणि नवीन विकायला येता?"

"ठीकच आहे, बाई. अजून दहा वर्षं चालेल. आताच पट्टा नीट केलाय."

"मग मी नवीन का घ्यावं?"

"कारण आक्का दहा वर्षं चालणार नाहीत," मिस्त्री म्हणाला. "या पुढच्या खेपेच्या चादरी जरा तुम्ही काढून बघाल?"

आक्कांनी घाबरून पदर सावरला. अशा गोष्टी बाईंना कुणी सांगत नसे. पण बाईही हार खाणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारी तसलंच दुसरं मशीन होतं, त्यातली खेप नुकतीच संपली होती. त्यांनी चष्मा आक्कांच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि वाकल्या. पहिली चादर निघाली. दुसरीने तिसरीला गच्च धरून ठेवलं होतं. सहावीला बाई एक हात मशीनवर आणि एक कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

"किती राहिल्या?"

"अडतीस," मिस्त्री म्हणाला. "आणि अशा नऊ खेपा."

बाईंनी मशीनच्या पायाकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "खाली चौथरा बांधून हेच उंच केलं तर?"

आता बोलणं मिस्त्रीच्या गल्लीत आलं. "नाही चालणार. कपडे पिळताना हे सगळं अंग हलवतं. म्हणून याला मी जमिनीत खोल गाडलंय. उंचावर ठेवलं तर महिन्यात चौथऱ्याला तडे जातील. नवीन मशीन स्वतःच पुढे कलतं आणि कपडे गाडीत ओततं. गाडीचा तळही स्प्रिंगचा असतो, कपडे कमी होतील तसा वर येतो. कुणाला वाकावंच लागत नाही."

"हे तुमच्या माहितीपत्रकात का नाही? त्यात नुसती वीज आणि पाणी."

"ते सांगायचं असतं हे मलाही आजच कळलं, बाई."

बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी चष्मा घातला आणि दोन्ही मशीनं बदलायची म्हणून तिथेच, धुलाईच्या टेबलावर, सही केली. मिस्त्रीने साहेबांना फोन लावला तेव्हा त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता. दोन हा आकडा साहेबांनी तीनदा विचारून घेतला.

दीड महिन्याने जुनी मशीनं निघाली. आपण ओतलेला पाया फुटताना बघायला मिस्त्री थांबला नाही, बाहेर जाऊन उभा राहिला. पण नवीन मशीनची पहिली खेप निघाली तेव्हा तो आक्कांच्या शेजारी होता.

मशीन हळूच पुढे कललं आणि चादरी गाडीत आल्या. आक्का सवयीने वाकल्या. हात रिकामेच खाली गेले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गाडीतली वरची चादर उचलली आणि झटकण्यासाठी सावकाश, एकेक मणका सोडवत, सरळ उभ्या राहिल्या.

मिस्त्रीला मान वर करावी लागली. आक्का त्याच्यापेक्षा चांगल्या चार बोटं उंच होत्या.