आठव्या मिनिटाची झडप

आठवं मिनिट.

नेल्बा तेचेराने उठायला हवं होतं. झडप दहा पावलांवर होती.

शून्य.

निलगिरीच्या लाकडाच्या चिपा रात्रभर पातळ आम्लात मुरल्या होत्या. सकाळी कारखान्यात नेल्बा आणि बॉयलर सांभाळणाऱ्या विल्मारने त्या पोलादी भांड्यात भरल्या, झाकण आवळलं, वाफ सोडली. एकशे ऐंशी अंश, आठ मिनिटं. मग झडप उघडायची. दाब एकदम सुटतो, लाकूड फाटतं आणि साखर मोकळी होते. साखरेवर यीस्ट जगतं, यीस्ट दारू करतं, दारूवर गाड्या चालतात. आठाच्या फार पुढे गेलं की तीच साखर करपते. आपोआप उघडणारी झडप महिनाभर बिघडलेली. हातानेच चाक फिरवायचं.

लाकूड साधंसुधं नव्हतं. ताक्वारेंबो शहराजवळच्या, नेल्बाच्या घरच्या कुरणातलं सगळ्यात जुनं झाड, आजीने लावलेलं. गाई त्याच्या सावलीत व्यायच्या. कारखान्याला जुन्या लाकडावर प्रयोग हवा होता, आणि नेल्बानेच बापाला गळ घातली. "आईचं झाड भांड्यात उकडणार तू?" एवढं म्हणून ओलेगारियो दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. मग मागच्या मंगळवारी ट्रॅक्टरला ओंडका बांधून स्वतःच फाटकावर हजर.

"घे. वादळाने अर्धं पाडलंच होतं. पण साखर निघाली पाहिजे. बरणीभर मला. फळीवर ठेवीन."

गाभ्याच्या चिपा जेमतेम एका घाण्यापुरत्या भरल्या. दुसरा घाणा नव्हता.

तिसरं.

बाप थर्मास काखेत मारून आला आणि दाराबाहेरच्या बाकावर बसला.

"बस."

"बाबा, भांडं चढवलंय."

"घड्याळ इथूनही दिसतंय. बस म्हटलं ना."

भोपळ्याच्या तुंब्यात माते, म्हणजे पानांचा कडसर गरम चहा, भरलेला, ओढायला वर चांदीची नळी. पहिला तुंबा ओतणाऱ्याने प्यायचा; तो प्यायला. दुसरा तिच्या हातात. हातात आलेला तुंबा नळी गुरगुरेपर्यंत रिकामा करायचा, मगच परत द्यायचा. अर्धा परत देणं म्हणजे माणसाला तोंडावर नको म्हणणं.

पाचवं.

बॉयलरजवळून विल्मार ओरडला, "ओलेगारियोकाका! दोन वर्षांनी कुलूप उघडलं होय? किल्ली कुठे सापडली?"

"तुझ्या वाफेत बघ, गाढवा!"

नेल्बा हसली. बापही हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आठवं.

तुंबा पुन्हा तिच्याकडे, भरलेला, चटके देणारा. बाप सांगत होता, "तुझी आजी दुधाची बादली विसळून ते पाणी त्या झाडालाच घालायची. पाहुणा आला तरी आधी झाड."

"नेल्बा, वेळ झाली!" विल्मार. त्याला बॉयलर सोडून हलता येत नव्हतं.

"आले!"

पुढे हे मिनिट तिने मनात कितीदा तरी घडवलं. त्यात ती म्हणते, "बाबा, जरा धर हे, झडप उघडून येते." बाप तुंबा धरतो. ती येते, तुंबा घेते, माते अजून गरम असतो. कुणालाच काही वाटत नाही.

घडलं ते असं: तिने नळी ओठांत धरली आणि आजीबद्दल ऐकत राहिली.

चौदावं.

नळी गुरगुरली. ती धावली, चाक फिरवलं. लगदा काळा आला. करपलेल्या साखरेचा कडू बदामासारखा वास शेडभर पसरला. विल्मार आला, वास घेतला, आणि त्याने एकही विनोद केला नाही.

लगद्यात यीस्ट घातलं. ते तळाशी बसून राहिलं. दोन दिवस एकही बुडबुडा नाही.

गुरुवारी बाप बरणी घेऊन आला. गरम पाण्याने धुतलेली, उन्हात वाळवलेली. कारखान्याच्या स्वयंपाकघरात साखरेची पिशवी होती. नेल्बा त्या दारापर्यंत जाऊन परत आली.

"करपली, बाबा. सगळी. मी झडप उशिरा उघडली."

"किती उशिरा?"

"सहा मिनिटं."

त्याने बोटांनी बरणीचं झाकण उघडलं, लावलं. मग त्याच्या ध्यानात आलं.

"आपण बसलो होतो तेव्हा?"

तिने मान डोलावली.

"मग सांगायचं ना, पोरी," ओलेगारियो म्हणाला. "मी धरला असता की तुंबा."