सत्यवतीची कडेची चाल

"ही खंयची चाल गे?" मागून कोणीतरी हसलं.

सत्यवतीने मान वळवली नाही. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून तिने घड्याळ दाबलं. शहाणी माणसं मधलं प्यादं दोन घरं दामटतात आणि ही बया कडेने शिरते! पण मये गावातल्या घराच्या ओसरीवर वडिलांनी हेच शिकवलं होतं, "मदीं सगळे झगडटात. तूं कडेन रीग."

दिवसभर ब्लाउज शिवणारी बाई डिचोलीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत आली, हेच अनेकांच्या पोटात दुखत होतं. गोवा नुकतंच घटकराज्य झालेलं; तालुक्याचा संघ पणजीला जायचा होता. हा डाव जिंकला तरच संघातली शेवटची जागा तिची. बरोबरीने भागणार नव्हतं. बायकांत पहिली येणारीचा वेगळा चषक मात्र हरली तरी तिचाच होता.

समोर बँकेतला मधुकर. त्या प्याद्यामागे बसवलेल्या उंटाने तिने त्याचा हत्ती असा कोंडला, की गडी घामाघूम झाला.

"बरोबरी करूया," तो हळूच म्हणाला. "बायलांचो कप तुकाच मेळटलो."

"माका कप नाका. माका पणजेक वचूंक जाय."

मग मधुकर चवताळला. त्याचा वजीर तिच्या राजाच्या अंगावर आला. सत्यवती घाबरली नाही, तिच्याकडे तोड होती. तिने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. ओसरीवरच्या खेळात राजाला अशी एक उडी माफ असे.

सभागृहात खसखस पिकली. पंच शंभूबाब जवळ आले.

"बाय, हांगा राजा उडी मारना. आनी हात लायलो म्हणटकच राजाच चलोवंक जाय."

हात लावलेला राजाच हलवणं भाग होतं आणि त्याला एकच घर मोकळं होतं, तेही उघड्यावरचं. तिने तो तिथे ठेवला. थोड्याच वेळात मात झाली.

तिला रडू आलं नाही, स्वतःचा संताप आला. घरची सवय नडली होती. कडेची चाल खोटी नव्हती.

शंभूबाब महिलांचा चषक घेऊन आले.

"बायल म्हूण दितात? नाका. फुडल्या वर्सा जिखून व्हरतां," सत्यवती म्हणाली. न्यायचा तर जिंकूनच.

"फुडल्या वर्सा तरी मधलें प्यादें चलय गे," मधुकर हसला, पण त्याने कपाळ पुसलं.

सत्यवतीने पटावर सोंगट्या पुन्हा मांडल्या. मग तेच कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं, पिशवी खांद्याला लावली आणि मयेची बस गाठायला निघाली. चषक तिथेच पटाशेजारी राहिला.